सांगणार : हौसा, कळंब

सोपानतात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घरी आमच्या बोलीकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासत बसले होते. फोन आबांचा होता. आबा म्हणजे इंदापूरचे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या बोलीकोश मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाले, "तात्या गेले. सकाळी रानातनं आले, खाटेवर टेकले, ते टेकलेच..." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं कळल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण म्हणाले खरी. फोन ठेवला आणि पुढची ओळ तपासायला घेतली. तिच्यातला शब्दही तात्यांनीच आणलेला होता. तो मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा त्यात काही चूक आहे का ते मला कळेना.

याला आता अडीच महिने झाले. पुरवणीच्या संपादकांनी हा लेख पहिल्या पंधरवड्यातच मागितला होता आणि मी लिहायला घेतलाही होता. दोन पानं झाली होती. मग जे घडलं त्यानंतर ती पानं फाडावी लागली. आपण ज्या माणसावर लिहितोय तो नक्की कोण होता, हेच मला सांगता येईना. आजही नीट येत नाही. तरी लिहिते.

तात्या कळंबचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. कागदोपत्री त्यांच्या पदाचं नाव 'व्रणोपचारक'. हा शब्द ते मोठ्या कौतुकानं उच्चारायचे आणि म्हणायचे, "बाई, येवडा शबुद हुस्तवर बैलाची जखम बरी हुती." घरी पूर्वी मेंढरं होती. वडिलांच्या हयातीतच ती गेली, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. त्यामुळे मेंढरांची बोली आणि उसाची बोली, दोन्ही त्यांच्या तोंडात एकत्र नांदत होत्या. सायकलवरून, पुढं मोटारसायकलवरून ते गावोगाव हिंडले. जनावर धरून ठेवताना मालक जे बोलतो ते त्यांच्या कानात राहायचं.

वीस वर्षांपूर्वी ते मंडळाच्या बैठकीला पहिल्यांदा आले. बारामतीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. बहुतेक सगळे मास्तर. त्या दिवशी 'वाघर' या शब्दावर चर्चा चालली होती. मेंढरं बसवतात तिथं भोवतीनं जाळी लावतात, ती वाघर. एकजण म्हणाले, वाघ येऊ नये म्हणून वाघर. आबांनी लगेच जाळ्यासाठीचा संस्कृत शब्द 'वागुरा' काढला. दाराशी टोपी हातात घेऊन उभा असलेला एक माणूस म्हणाला, "आसंल सायेब. पन वाघ यिऊ न्हाय म्हून न्हाय ती. मेंढरं जाऊ न्हाईत म्हून हाय." आम्ही त्यांना आत बोलावलं. त्यांच्या पिशवीत लसीच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या चिठ्ठ्या होत्या, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द.

चिठ्ठी कशी लिहायची ते मी त्यांना शिकवलं. शब्द, अर्थ, एक वाक्य, खाली 'सांगणार' आणि गाव. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी यातला एकही रकाना कधी रिकामा सोडला नाही. कॉलेजात शिकवताना मी बी.ए.च्या मुलांना त्यांच्या चिठ्ठ्या नमुना म्हणून दाखवत असे. मेंढराच्या कानाचे प्रकार, लोकरीचे रंग, उसाच्या पाचटाची नावं, पाटाच्या पाण्याची भांडणं... मोरगावपासून इंदापूरपर्यंत त्यांनी माणसं बोलती केली. पण त्या सगळ्यांत मला भुरळ घातली ती काही वेगळ्याच शब्दांनी. 'झुंबी : थंडी नसताना पांघरूण हवेसे वाटणे.' 'उंगर : दार लावू नये असे वाटणे.' 'मावूट : कोमट पाणी.' 'थुबूळ : भाकरीचा मधला मऊ भाग.' असे चौदा शब्द. प्रत्येकाखाली तेच नाव, 'सांगणार : हौसा, कळंब.'

दोन वर्षांपूर्वी बारामतीत कोशकारांचा मेळावा भरला होता. ठिकठिकाणांहून कोशाची कामं करणारी माणसं आली होती. मी बोलताना 'झुंबी' सांगितली, तर पुण्याहून आलेले एक वृद्ध कोशकार खुर्चीतून पुढं वाकले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. असा शब्द प्रमाण मराठीत नाही हो आपल्याकडं." टाळ्या पडल्या. मी तात्यांकडं हात केला. ते मात्र खाली बघून टोपीची घडी घालत बसले. मला वाटलं, लाजले. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मी त्या शब्दावर आधीच एक परिच्छेद लिहून बसले होते.

शोकसभेत मी म्हणाले, "तात्यांच्या एकाही शब्दावर शंका घेण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर महिनाभरातच ती वेळ आली. दुसऱ्या आवृत्तीसाठी मंडळानं नवा नियम केला होता. शब्द निदान दोन गावांत, दोन वेगळ्या तोंडांतून ऐकलेला असला पाहिजे. हौसाच्या चौदाही शब्दांना एकच साक्ष होती. काम किरकोळ वाटलं. आबा आणि मी गाडी करून निघालो. मोरगावला विचारलं, सुप्याच्या बाजारात विचारलं, मेंढरं राखलेल्या म्हाताऱ्या शोधून विचारलं. एकही शब्द कुणाला ठाऊक नव्हता. सुप्याच्या एका आजींनी माझ्या चिठ्ठ्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात न्हाय बया असं म्हनत. कुनीतरी तुमची चेष्टा केली आसंल." परतताना आबा गाडीत चिठ्ठ्या पुन्हा चाळत होते. बारामती जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "रचले असतील का हो त्यांनी?"

मला राग आला. आधी आबांचा आला आणि घरी पोचेपर्यंत तात्यांचा. वीस वर्षं ज्याला नमुना म्हणून दाखवलं त्यानं आपल्याला खुळ्यात काढलं की काय? मेळाव्यातली ती खाली घातलेली मान आठवली आणि आता ती लाजेची वाटेना. दुसऱ्याच दिवशी मी एकटी कळंबला गेले. हौसा नावाची कुणी बाई आहे का, की तीही चिठ्ठीवरचीच, एवढं मला बघायचं होतं.

तात्यांच्या घरी त्यांची सून सुनंदा भेटली. मुलगा कारखान्यावर कामाला गेला होता. तात्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तर चार वर्षांपूर्वीच गेलेल्या. मी चहा नको म्हणाले आणि सरळ विचारलं, "सुनंदा, या गावात हौसा कोण?"

तिनं चमकून माझ्याकडं पाहिलं. "हौसाआत्या? त्या हितंच हायत की. मामांची बहीन."

वीस वर्षांत मी त्या घरी तीनदा जेवले होते. तात्यांना बहीण आहे हे मला माहीत नव्हतं.

मागच्या पडवीत एक साठीच्या पुढची बाई भिंतीला टेकून बसली होती. तात्यांसारखंच कपाळ. लहानपणी ताप डोक्यात गेला होता म्हणे, त्यानंतर बोलणं कधी नीट आलंच नाही. जे आलं ते तिचं तिलाच. "पाव्हनं आलं की त्या आत जायच्या," सुनंदा म्हणाली. आपणहून जायच्या की कुणी ने‍ऊन बसवायचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. "मामा हुते तवर काय अडचन न्हवती बाई. त्यास्नी सगळं कळायचं. तेच आमाला सांगायचं, हिला ह्ये पायजे, त्ये पायजे. आमी काय शिकलोच न्हाय. आता रडत्यात, ताट सारत्यात, पानी दिलं की तांब्या फेकत्यात. काय पायजे त्येच कळत न्हाय. दीड म्हैना झाला, निम्म्या झाल्या की वो."

आमचं बोलणं चाललेलं असताना हौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द बोलल्या. बोबडा होता, पण मला तो स्पष्ट कळला. मुद्रितात मी तो कितीदा तरी वाचला होता.

"मावूट."

"कोमट पाणी मागतायत," मी म्हणाले.

सुनंदा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग आत गेली, पाणी कोमट करून घेऊन आली. हौसाबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी एका दमात प्यायल्या. सुनंदा तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "येवडंच हुतं व्हय... गार पानी देत हुतो आमी." आणि मी... मी पिशवीत चौदा चिठ्ठ्या घेऊन उभी होते. जाब विचारायला आले होते आणि जाब कुणाला विचारायचा तेच समजेना.

पहिल्या रविवारी मंडळाची बैठक झाली. मी सगळं सांगितलं.  मग एकजण म्हणाले, "वाईट वाटतं, पण त्यांनी आपल्याला अंधारात ठेवलं." आबा म्हणाले, "कोश म्हणजे साक्ष. एका माणसाच्या शब्दाला बोली म्हणता येत नाही." मी म्हणाले, "एका नव्हे, दोघांच्या. ती बोलायची, तात्यांना कळायचं." हे म्हणाले आणि मला तो नवा नियम केला त्या दिवशीची बैठक आठवली. शब्द कोशात यायला किती माणसं लागावीत, यावर वाद चालला होता. मी गमतीनं तात्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा, किती?" ते म्हणाले, "दोन बास. येक बोलनारं, येक समजनारं." आम्ही सगळे हसलो होतो. मग मी नियम लिहून घेतला आणि वाचून दाखवला. दोन गावं, दोन तोंडं. तात्यांनीही हात वर करून मंजुरी दिली होती. त्या क्षणी त्यांना कळलं असणार, की हौसाचे शब्द आता जाणार. तरी हात वर केला.

मग ते शब्द त्यांनी आणले कशासाठी? बहिणीचं कुठंतरी नाव लागावं म्हणून? आपल्यामागं कुणाला तरी ते कळावेत म्हणून? की त्यांच्या कानाला हौसाचा शब्द आणि मोरगावच्या मेंढक्याचा शब्द यांत फरकच वाटत नव्हता? चिठ्ठीवर त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. सांगणारी हौसा, गाव कळंब. विचारायचं आम्हीच विसरलो. पण मग मेळाव्यात मान खाली का घातली, आणि पाव्हणे आले की बहीण आत का? मी या प्रश्नांशी रोज भांडते. एक दिवस तात्यांवर चिडते, दुसऱ्या दिवशी माझ्यावर. बैठकीत शेवटी शब्द वगळायचे ठरलं. लाल पेन मीच हातात घेतलं, कारण दुसऱ्या कुणी मारलेली रेघ मला बघवली नसती. प्रस्तावनेतला परिच्छेदही काढला. बरोबर केलं का, माहीत नाही.

वगळलेले चौदा शब्द मी मोठ्या अक्षरांत छापून घेतले आणि कळंबला नेऊन दिले. सुनंदानं तो कागद स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला. आठ दिवसांनी गेले तर तिनं त्यावर पेन्सिलीनं खुणा केलेल्या. "बाई, ह्ये झुंबीचं चुकलंय बगा. पांघरून दिलं तर टाकून देत्यात. त्यास्नी कुनीतरी शेजारी बसाय पायजे आसतं. मामा बसायचं तवा एकच घोंगडं दोघांच्या गुडघ्यावर घ्यायचं." मेळाव्यात टाळ्या घेतलेला अर्थ माझ्यासमोर दुरुस्त झाला. मी त्या दिवशी हौसाबाईंशेजारी तासभर बसले. त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत, पण त्यांनी मला उठूही दिलं नाही.

आता त्या जेवतात. सुनंदाचा दर आठवड्याला फोन येतो.

परवाच्या फोनवर ती जरा गोंधळलेली होती. "बाई, एक शबुद हाय, कागदावर न्हाय. रोज सांजच्याला पाच वाजलं की आत्या फाटकाकडं बघून म्हनत्यात. 'ओपान, ओपान'. पानी दिलं, भाकरी दिली, शेजारी बसले. काय न्हाय लागू पडत."

मी मनातल्या मनात तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. पाचला तात्या डेअरीवर दूध घालून घरी यायचे. मी सुनंदाला म्हणाले, "सुनंदा, ते नाव आहे. सोपान."

 ती हळूच म्हणाली, "मग बाई... त्यास्नी काय सांगू मी?"

 उद्या पाचच्या आत येते, एवढंच मी म्हणाले.