खंडेनवमीचा पासवर्ड

काजूचे दिवस होते. कोरगावच्या आमच्या अंगणात मी बिया वाळत घालत होते आणि आत मोबाइल वाजत होता. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, तरी मी उठले नाही. गेलं वर्षभर माहेरून, आमोण्याहून येणारा प्रत्येक फोन मी असाच भीत भीत घ्यायचे. दादा पडला असेल, दादा घराबाहेर निघून गेला असेल, दादाने वहिनीलाच ओळखलं नसेल... शेवटी हात पदराला पुसून फोन घेतला. माझी भाची मेधा, दादाची मुलगी, म्हणाली, "आते, बाबा गेले. सकाळीं च्या दिली, ती तशीच उरली." मी "बरं" म्हणाले. कुणी साधा निरोप सांगावा आणि आपण बरं म्हणावं, तसं. ज्या फोनला एवढी भ्यायले होते तो येऊन गेला, पण भीती काही थांबेना. अजूनही थांबलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दादा माझा थोरला भाऊ. नोकरी खाणीच्या ऑफिसात, पण गावात ती कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. गावाला तो नाटकवाला. देवीच्या जत्रेचं नाटक दर वर्षी तोच लिहायचा, तोच बसवायचा, आणि प्रयोगाला विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंगही तोच करायचा. आमच्याकडे घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढे भाषेवरून रान पेटलं तेव्हा मी कोंकणीच्या बाजूने भांडायचे आणि तो मराठीच्या. भांडण मात्र दोघांचं कोंकणीतूनच चाले. "राजान 'माका भूक लागल्या' म्हटल्यार लोक हांसतले, बाय," हा त्याचा शेवटचा मुद्दा असायचा. गोवा राज्य झालं, भाषेचं काय ते ठरलं, त्याची नाटकं मराठीतच होत राहिली आणि मी पुढच्या रांगेत बसून ती पाहत राहिले.

तो निवृत्त झाल्यावर मेधाने फोंड्याहून आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. लिहिलेलं खोडून खोडून कागदाला भोक पाडणारा माणूस तो. इथे खोडलेलं दिसतच नाही म्हटल्यावर हरखून गेला. एका बोटाने का होईना, मराठी टाइप करायला शिकला आणि जेवायला हाका मारायची पाळी आली. वहिनी म्हणायची, "ही माजी सवत. पूण बरी आसा, जेवंक मागना."

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत या सवतीलाही मान मिळाला. आमच्या घरी आडोळी म्हणजे विळी, कोयता, पेटी असं सगळं पाटावर मांडतात, आणि पुजलेल्या वस्तूला दसऱ्याची आरती होईपर्यंत कुणी हात लावत नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असते. लहानपणी त्या दिवशी मी चुकून पुस्तक उघडलं म्हणून याच दादाने माझा कान पिळला होता. आता मेधा सुट्टीत घरी आलेली, तिला कॉम्प्युटरपासून दिवसभर लांब ठेवणं म्हणजे कठीणच. म्हणून त्याने पूजेआधी त्याला पासवर्ड घातला. तोही साधा नव्हे, यंत्र सुरू होताहोताच, काळ्या पडद्यावर विचारतं तो, म्हणजे त्याच्यापुढे कुणाचं काही चालू नये. मग वर झेंडूची माळ घातली आणि म्हणाला, "आतां देवाचें तें देवाक."

दसऱ्याला मी माहेरी होते. आरती झाली, सोनं वाटून झालं, आणि दादाने माळ उतरवून बटण दाबलं. चौकट आली. त्याने पासवर्ड टाइप केला. चुकला. पुन्हा केला, पुन्हा चुकला. तीनदा चुकलं की ते यंत्र रुसून गप्प व्हायचं, मग ते बंद करून परत चालू करायचं. त्याने देवीचं नाव घालून पाहिलं, आईचं, मेधाचं, खाणीतला आपला हजेरीचा नंबर. मी आपली हसत होते. "बायलेचें नांव घाल मरे, तें तुका कशें याद येतलें!" असंही म्हणून घेतलं. तेवढ्यात त्याच्या बोटाकडे लक्ष गेलं. ते अक्षरांवरून नुसतं फिरत होतं, टेकत नव्हतं. "कालच घाललो, बाय," तो म्हणाला. "कालच घाललो गे." माझं हसू जागच्या जागी गेलं. आमचे आजोबा शेवटी शेवटी जेवून उठले की पुन्हा पान वाढायला सांगायचे आणि मला जेवायला घातलंच नाही म्हणून रडायचे. ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

जत्रा तोंडावर आली होती. दोन अंकांची तालीम झालेली, तिसरा अंक कॉम्प्युटरच्या पोटात. सेनापतीचं काम करणारा शंभू रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभा राहायचा. "दादा, तिसरो अंक?" दादा म्हणायचा, "भितर आसा. पुराय जाला." असं म्हणताना तो शंभूकडे बघत नसे. नाटक झालं नाही तर गावात नाक कापलं जाईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती माझ्या मनात बसली होती आणि ती मी कुणापाशी बोलत नव्हते. सासरी परत जायचं सोडून मी तिथेच राहिले.

मेधाने म्हापशाच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही. आत घड्याळात असतो तसला चपटा सेल असतो. वायर काढून ठेवा, तो सेल काढा, थोडा वेळ थांबून परत बसवा, यंत्र पासवर्ड विसरून जाईल. लिहिलेलं सगळं वेगळ्या जागी असतं, त्याला धक्का लागणार नाही. आम्हाला हायसं वाटलं, पण दादा मात्र एकदम उसळला. "हात लावंक नाका. म्हजें सगळें वतलें." मेधाने परोपरीने समजावलं. वहिनी तर देवीचा प्रसादही घेऊन आली, कौल उजवा झाला म्हणजे देवीची संमती आहे म्हणून सांगितलं. "देवीक कॉम्प्युटराचें कितें खबर?" तो म्हणाला. जन्मभर प्रसाद घेतल्याशिवाय नाटकाचा मुहूर्त न केलेला माणूस असं बोलला, तेव्हा मला कळलं की याला लिहिलेलं जाण्याची भीती नाही, दुसरीच कसली तरी आहे.

शेवटी एका दुपारी तो कॉम्प्युटरसमोरून उठला आणि खिडकीपाशी कदेलावर, आपल्या लाकडी खुर्चीवर, जाऊन बसला. ही त्याची परवानगी. मेधाने स्क्रू काढले, सेल काढला, आम्ही चहा प्यालो, सेल बसवला. यंत्र सुरू झालं, तारीख चुकल्याची काहीतरी तक्रार त्याने केली आणि मुकाट्याने पुढे गेलं. चौकट आलीच नाही. नाटक जिथल्या तिथे होतं. पहिला अंक, दुसरा अंक, आणि मग तिसरा. अंक तिसरा, प्रवेश पहिला. नदीकाठ. सेनापती येतो, नावाडी येतो, चार वाक्यं. खाली पुन्हा अंक तिसरा, प्रवेश पहिला, नदीकाठ, तीच चार वाक्यं. त्याखाली पुन्हा. मेधा पानं खाली खाली नेत होती आणि नदीकाठ संपत नव्हता. पुढचं एक अक्षरही नव्हतं.

"वाचूं नाका, बाय," दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

पासवर्ड तो खरंच विसरला होता, की हे कुणी पाहू नये म्हणून विसरला म्हणाला, मला आजतागायत ठाऊक नाही. मी त्याला कधी विचारलं नाही. त्या क्षणी मात्र मला इतकं रडू आलं की मेधा उठून आत गेली, आणि मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून बरंच झालं. मग डोळे पुसले, त्याचं कदेल कॉम्प्युटरपाशी ओढलं आणि कळफलकावर स्वतः बसले. दुसरं काय करायचं? म्हटलं, "दादा, नावाडी विचारता, 'सरकार, पाणी चढलंय. होडी सोडायची की नाही?' सेनापती कितें म्हणटा?"

त्याने तोंड पडद्याकडे वळवलं. मग मान वर झाली, आवाज खर्जात गेला. "पाणी कधी चढलं नव्हतं? सोड होडी. वल्हं मी धरतो."

मी टाइप केलं. आणि तसाच तो अंक झाला. मागचं त्याला आठवत नसे, पुढचं काय व्हायचंय तेही सांगता येत नसे. पण हातात एक वाक्य दिलं की पुढचं वाक्य तयार. मी वाचायचे, थांबायचे, तो बोलायचा. कधी मुद्दाम कालचंच वाक्य परत द्यायचे, तर उत्तर नवंच यायचं. होडीच्या प्रश्नाला एकदा म्हणाला, "आज नको. आज मला घरच्यांना तोंड दाखवून येऊ दे." एकदा म्हणाला, "सोड, पण परतीचं मला विचारू नकोस." एकाहून एक सरस! मी आपलं पहिलंच ठेवलं. जन्मभर दुसऱ्यांना प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला मी प्रॉम्प्टिंग करत होते, आणि हे आम्हा दोघांनाही कळत होतं. जत्रेला नाटक झालं. शंभूने होडीच्या वाक्याला टाळी घेतली. दादा त्या वर्षी विंगेत नव्हता, माझ्या शेजारी बसला होता. टाळी थांबल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाला, "बरें बरयलां. कोणें?" मी म्हटलं, "तुवें." आपणच लिहिलंय हे त्याला पटलं की नाही कोण जाणे, पण पडदा पडेपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

ते त्याचं शेवटचं नाटक. पुढची वर्षं तो हळूहळू आमच्यातून निघून गेला, कसा ते लिहायची ताकद माझ्यात नाही. आता मी गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा पाहते. शेजारणीचं नाव चटकन आठवलं नाही तर दिवसभर भीत राहते. नवरा म्हणतो, वयच झालंय तुझं. असेल.

बाराव्याला आमोण्याला गेले. सगळे पांगल्यावर मेधा म्हणाली, "आते, हें यंत्र तूं घेवन वच, हांगा कोणाक कित्याक जाय?" मी त्याच्या खोलीत जाऊन ते सुरू केलं. सरळ सुरू झालं. तिसरा अंक उघडला. वाचायला लागले ती मोठ्याने, तशीच सवय होती. "सरकार, पाणी चढलंय. होडी सोडायची की नाही?" म्हणाले आणि बोटं कळफलकावर ठेवून थांबले. आज दादा काय म्हणतो बघू... आत वहिनी भांडी घासत होती, तो आवाजही थांबला होता.