नीताच्या फोटोचं वर्णन

माही बहीण पडून मेली नाही. तिले मारलं.

मागच्या साली ती गेली त्या दिवशी मी इथंच पोस्ट टाकली होती, "जिन्यावरून पडून नीताचं दुःखद निधन." तुम्ही सगळ्यांनी हात जोडले.

खोटं होतं ते. निदान तेराव्यापासून तरी मले माहीत होतं.

तेराव्याच्या दिवशी भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या तिच्या शेजारच्या काकूनं मले बाजूले घेऊन सांगतलं. जवायानं नीताचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. एकदा नाही, घडीघडी. भिंतीपलीकडून ऐकू येऊन राहिलं होतं म्हणे.

त्याच्या आधी पट्टा होता, लाथा होत्या, एकदा कुकरचं झाकण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो माह्या बहिणीनं खरोखरचा खाल्ला.

आई म्हणे, पोट्टी त्याच्या घरी आहे, तोंड उघडू नको. पोट्टी म्हणजे चिमी, नीताची लेक, सहा वर्षांची.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकून बसलो.

मी इथल्याच पावर हाउस भागातल्या एका ऑफिसात वेबसाइटचा मजकूर लिहितो. यंदाच्या उन्हाळ्यात तिथं आमाले शिकवाले एक मॅडम आली. जन्मापासून आंधळी. कॉम्प्युटर तिले स्क्रीनवरचं सारं बोलून दाखवते. आंधळ्या माणसाले वापरता येईल असं कसं लिहायचं, हे ती शिकवून राहिली होती. गोंदियाकडची, आपल्याच बोलीची निघाली, म्हणून मी ताई म्हणाले लागलो.

जिभेची लय तिखट. आमच्या एका पेजवर दहा जागी "यहाँ क्लिक करें" होतं. कॉम्प्युटरनं ते ओळीनं वाचलं. तिनं टेबलावर असा हात आपटला की चहा सांडला. म्हणे, कुठं यहाँ? माह्या डोक्यात?

मग फोटोचं शिकवलं. फोटोसोबत त्याचं वर्णन लिहावं लागते, ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी. म्हणाली, आपापल्या फोनमधला एक फोटो घ्या अन् मले दाखवा. दया नको, माहिती द्या.

मी नीताचा शेवटच्या भाऊबीजेचा घेतला. लिहिलं, "भाईदूज पर मुस्कुराती बहन."

ताईनं ऐकलं.

"हसून राहिली ना? मग दात दिसतात?"

पाह्यलं. नव्हते दिसत. ओठ घट्ट मिटलेले. डावीकडून सुजलेले.

"हात?"

उजव्या हातात ओवाळणीचं ताट. डावा पदराखाली.

"कावून?"

मनगट सुजलं होतं. पदरातून जरासं बाहेर आलेलं. बांगडी नव्हती त्यात. हा फोटो मी वर्षभर रोज पाहत होतो बापा, अन् मले हे दिसलंच नव्हतं. का मीच दिसू दिलं नव्हतं, देव जाणे.

मी म्हटलं, ताई, ती पडली होती.

मग हळूच म्हणाली, "पडली, लागलं, सुजलं. तुह्या वाक्यात करणारा कुठं आहे बे?"

मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीवर बुक्क्या हाणल्या. बोटं फुटली, बेसिनभर रक्त. जवायाले जिवंत रुळावर बांधावं वाटत होतं. भिंतीले मारलं, कारण भिंत परत मारत नाही. मी तसाच आहे, भित्रा.

त्याच भाऊबीजेले ओवाळताना नीता मले हळूच म्हणाली होती, "दादा, मले घेऊन चल."

मी म्हटलं, सण आहे, सांभाळून घे.

हे माहं वाक्य आहे. याच्यात करणारा मी आहे.

अन् उन्हाळ्यानंतरही मी गप्पच होतो. ताईची ट्रेनिंग संपली, आमी सर्टिफिकेटं घेतली, समोसे खाल्ले.

चार दिवसांपूर्वी चिमी आमच्या भिलाई-३ च्या क्वार्टरवर आली. आजीनं आंघोळीले फ्रॉक काढला तं पाठीवर पट्ट्याचे वळ. काळेनिळे. मी विचारलं, कोणं मारलं?

"मामा, मी पडली."

सहा वर्षांची पोट्टी. हे वाक्य तिले कोणं शिकवलं? आमीच. तिच्या मायच्या तेराव्याले साऱ्या घरानं मिळून शिकवलं.

काल पोलीस ठाण्यात सारं लिहून दिलं. काकूनं सही केली. चिमीची डॉक्टरी तपासणी झाली. आई रडून राहिली, म्हणे इज्जत गेली. जाऊ दे.

खाली नीताचा तोच फोटो आहे. ज्यांले दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णन. ज्यांले दिसते त्यांनीही वाचा.

*हिरव्या साडीतली बाई, वय एकोणतीस. उजव्या हातात ओवाळणीचं ताट. ओठ डावीकडून सुजलेला, त्यावर पावडर. डावं मनगट सुजलेलं, पदराखाली लपवलेलं. बाजूले पाटावर तिचा भाऊ, कपाळावर ताजं कुंकू, हसून राहिला आहे. ती भावाकडे पाहत नाही, समोर पाहत आहे, अन् भ्यालेली आहे. फोटो तिच्या नवऱ्यानं काढला.*

नीता, चिमीले मी परत धाडत नाही.

जा बाई आता. तुह्या दादाची ही उशिराची श्रद्धांजली.