धूर खाणारी वांगी

वांग्यानं धूर खाल्ला म्हटल्यावर तुम्ही लगेच भाकरी वाढून घेतली असेल. पुसा हात. ही भरताची गोष्ट नाही. भरताचं वांगं मेल्यावर धूर खातं. आमच्या मामाची वांगी जिवंतपणीच जेवायला बसली होती. आणि त्यांना पंगतीला बसवलं मी.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल मिळंना, म्हणून नगर-पाथर्डीची सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. मागं पिंपाएवढी भट्टी, तिच्यात बाभळीचा कोळसा. क्लीनर पंखा फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा, तेव्हा कुठं गाडी खोकायला लागायची. करंजीच्या घाटात सगळ्यांनी उतरून ढकलायची, म्हणजे पदरचं तिकीट आणि वर मजुरी. ही मोटार तिसगावात ज्या कडुलिंबाखाली थांबायची, त्याला लागूनच मामाचा वांग्यांचा वाफा.

मी मॅट्रिकला आपटून मामाकडं अभ्यासाला येऊन राहिलो होतो. अभ्यास एकच, लोकांचे आवाज काढायचा. मामीचा आवाज काढला की शेळीसुद्धा ताडकन उठून उभी राहायची. पण मामानं मला कामाला जुंपलं. रोज विहिरीवरनं घागरी वाहायच्या आणि वांग्यांना पाणी घालायचं. खांदा सोलून निघाला. कारण वांगी साधी नव्हती. मामाच्या पोरीचा साखरपुडा ठरलेला, सोयरे काष्टी गावचे, स्वतः माळवं, म्हणजे भाजीपाला पिकवणारे. आणि मामा भर बाजारात व्याह्याला बोलून बसलेला, "वांगी इकत आननार न्हाई. माझ्या वाफ्यातली खाऊ घालतो!"

शाळेचे मास्तर दर शनिवारी नगरला घरी जायचे. गाडी पेटेपर्यंत लिंबाखाली फुकटात तास घ्यायचे.

"आपण श्वास सोडतो, लाकूड जळतं, त्यातून कर्बवायू निघतो. तो झाडं पानांनी खातात आणि त्याचंच लाकूड करतात. बाभळीचा कोळसा, कोळशाचा वायू, वायूची पुन्हा बाभळ. समजलं? नाही समजलं."

हे शेवटचं स्वतःच विचारायचे, स्वतःच सांगायचे, आणि मध्ये नाकातनं बारीक शीळ.

एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी माझ्या चिलमीचा धूर त्या बाभळीच्या पोटात हाय व्हय?"

"आहे."

"मंग परत दे म्हनावं. तंबाकू महागली."

त्या शनिवारी मास्तर गाडीत चढले, तसा मामा कुंपणावरनं ओरडला, "मास्तर, आता गिरन्या, मोटारी, समद्यांचाच धूर वाढाय लागला. मंग झाडं जास्ती खात्याल का? माझी वांगी बी?"

"खातील की! पण—" मास्तर खिडकीतनं म्हणाले, आणि गाडी सुटली.

भट्टीनं असा काळा लोट सोडला की लिंब दिसेना. मी लिंबामागं. माझ्या सोललेल्या खांद्याला एकदम अक्कल सुचली. नाकातनं शीळ घालून मी मास्तरांचं ते 'पण' पुरं केलं.

"पण पाणी बंद करा! पाण्यानं पोट भरतं, वायूची भूक मरते. त्यापेक्षा समोर बसून बोला. श्वास खाऊ घाला. समजलं? नाही समजलं."

मामाला समजलं.

दुसऱ्या दिवसापासनं मामा वाफ्यात फतकल मारून वांग्यांशी बोलायला लागला. पावसापाण्याचं सांगून झालं, तलाठ्याला शिव्या घालून झाल्या. दोन दिवसांत मामाचं बोलणं संपलं. मग त्यानं मामीला बसवलं. मामीकडं वीस वर्षांचा साठा! "लग्नात मला लुगडं घेतलं त्ये बी इटकं," इथपासनं सुरुवात. वांगी मुकाट ऐकायची. मी लिंबाखाली आडवा पडून अभ्यास करायचो.

पाचव्या दिवशी पानं लोंबली. वरनं मोटारीच्या काजळीनं काळी. फुलं गळाली.

मामा म्हणाला, "तुझं बोलनं लई गरम पडतंय. जरा ग्वाड बोल त्यांच्यासंगं."

"ग्वाड? तुमच्यासंगं कवा बोलले न्हाई, आन वांग्यांसंगं बोलू?"

आता मी खांदा विसरलो. दुपारी कुणी नसताना मी दोन घागरी आणून ओतल्या. पण वांगी कसली ऐकतात.

शनिवारी मास्तर आले, तसं मामानं त्यांना दंडाला धरून वाफ्यात नेलं. "बघा तुमची इद्या! उद्या पाव्हनं येनार हायती!"

मास्तरांनी एक पान उलटं केलं. "अहो, वायू हे जेवण झालं. पाणी नको का? पानाला बारीक बारीक तोंडं असतात. तहान लागली की ती मिटतात. मिटल्या तोंडानं कोण जेवेल? मी सांगतच होतो, पण पाणी भरपूर हवं, खत हवं..."

"पानी बंद करा तुमीच म्हनला की! भूक मरती म्हनला! समजलं, न्हाई समजलं!" मामानं नाकातनं शीळसुद्धा घातली. चांगली घातली. आमच्या घराण्यातच आहे ते.

मास्तर सावकाश माझ्याकडं वळले. नुसती शीळ वाजली.

रविवारी काष्टीच्या पाहुण्यांना पिठलं वाढलं. व्याही हात धुवायला म्हणून उठले ते थेट वाफ्यात. पानावरनं बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि म्हणाले, "ही वांगी मोटारीत बसून आली व्हय?"

मंडळी हसली. साखरपुडा झाला, काही मोडलं नाही. पण मामाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. त्या दिवशी मला कुणाचाही आवाज काढावासा वाटला नाही.

पाहुण्यांची बैलगाडी वळणाआड गेली, आणि मामानं मला वाफ्यापाशी उभं केलं.

"बाजारात दिल्याला सबुद व्हता माझा! चार मान्सांत! तुझ्या एका खांद्यापायी गेला!"

इथं गप्प बसावं की नाही? पण जीभ सुटलीच. "मामा, तोंड वाफ्याकडं करून बोला. एवढा श्वास फुकट चाललाय."

पहिला धपाटा मामाचा, दुसरा मामीचा. मग रिकामी घागर माझ्या पायाशी आदळली.

"उचल!" मामी कडाडली. "आजपासनं दुप्पट पानी! आन तोंड मीट! आदी त्या वांग्यांची तोंडं उघडू देत, मंग तुझं उघड!"