पुठ्ठ्याआडचं टपाल

निवृत्त पोस्टमनच्या घरी लेकीने कॉम्प्युटर आणला, तेव्हा दुकानदाराने सोबत एक सीडी गळ्यात मारली. "काका, इंटरनेट बघा, मेल पाठवा, गटांत गप्पा मारा, पत्त्यांची वही ठेवा, स्वतःचं पान बनवा. सगळं एकात! वेगळं काही घ्यायलाच नको." प्रत्यक्षात मेल उघडायला जावं तर बाकीच्या खिडक्याही पाठोपाठ उघडत. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याने अख्खा गोतावळा आणावा, तसं.

पण टपालवाल्यांची (त्यांना सगळे हेच म्हणत) खरी पंचाईत वेगळीच होती. मेलच्या खिडकीत वर यादी, खाली पत्र. यादीतल्या नावावर टिचकी मारायचा अवकाश, की खाली मजकूर आपोआप हजर! टपालवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "दुसऱ्याचं टपाल फोडतं? आमच्या खात्यात असतं तर पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं याला!" त्यांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि पडद्याच्या खालच्या भागावर चिकटवून टाकला.

मेलचा पत्ता घराला एकच. तो आधी घरच्यांनी वापरला, मग वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीने, मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने. फुकट ते पौष्टिक! रोज सकाळी मॉडेम किंचाळलं की टपालवाले वरची यादी बघत, मेल न वाचता छापत, कागद पालथा धरून घडी घालत आणि पाकिटं घेऊन जिने चढत. बायको म्हणे, "नोकरी सुटली, पायांची खोड काही सुटली नाही."

एकदा लेक मावशीच्या गावी गेली होती. मावशीचा पाय मोडलेला, तिचं सगळं लेकच करत होती. त्याच आठवड्यात यादीत एका समुद्रापलीकडच्या कंपनीचं नाव उमटलं, लेकीने जिथे अर्ज केला होता तिचं. विषय होता, 'नेमणूक. उद्यापर्यंत उत्तर द्यावे.'

टपालवाल्यांनी तो विषय पुन्हा एकदा वाचला. एकुलती एक लेक. ती गेली तर हे घर खायला उठणार. ती ओळ पुसायला एक बटण पुरे होतं आणि कुणाला कानोकान खबर लागली नसती. त्यांचं बोट त्या बटणावर टेकलंसुद्धा. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी ते उचललं.

"अहो, फोन लावा आणि वाचून दाखवा तिला," बायको म्हणाली.

"वाचून? मी? म्हणजे फोडलेलं टपाल देऊ?"

त्यांनी मेल छापला, पाकीट डिंकाने चिकटवलं आणि बस पकडली.

लेकीने पाकीट फोडलं, वाचलं आणि कागदाची पुन्हा घडी घातली. "बाबा, यात काय आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"पाकीट बंद होतं," टपालवाले म्हणाले. पलंगावरची मावशी फिस्सकन हसली.

गावात कॉम्प्युटर नव्हता. लेकीने कागदावर उत्तर लिहिलं, पाकिटात घालून बंद केलं आणि वडिलांच्या हाती दिलं. "आजच पाठवा हं, बाबा."

घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसल्यावर टपालवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पाठवायचं तर टाइप करायला हवं, आणि टाइप करायचं तर वाचायला हवं! त्यांनी बायकोकडे आशेने पाहिलं. "मला त्या बटणांत एक अक्षर सापडत नाही," ती म्हणाली.

शेवटी त्यांनी तोड काढली. कागदावर पट्टी ठेवायची, एका वेळी एकच अक्षर उघडं करायचं, ते टाइप करायचं. एकेक अक्षर बघणं म्हणजे काही वाचणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण अक्षरं निर्लज्ज. दुसऱ्याच ओळीत ती हातात हात घालून उभी राहिली. मी येते आहे.

टपालवाल्यांनी पट्टी बाजूला ठेवली. उरलेलं सगळं सरळ वाचत टाइप केलं, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि मेल पाठवून दिला.

"काय लिहिलंय तिने?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्याचं टपाल आहे."

"असू दे. तुमचं तोंड मात्र उघडं पोस्टकार्ड आहे." तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. "कधी जातेय?"

टपालवाल्यांनी नाक पुसलं. "पुढच्या महिन्यात," ते म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं टपाल फोडून सांगितलं.