जागेवरच बनवणारे भाऊजी

माझे भाऊजी तयार वस्तू घेत नाहीत. शर्ट शिवून घेतात, चपला मापानं करून घेतात, आणि ताईला होकार द्यायलाही त्यांनी भरपूर वेळ घेतला होता. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते तिथले कॉम्प्युटर सांभाळतात. काही पॅकेजं, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचे प्रोग्राम, अर्धी कच्ची येतात. ज्या मशीनवर टाकायची, त्याच मशीननं तो कच्चा भाग आपल्या मापानं बनवून घ्यायचा असतो. तोवर पडद्यावर एकच ओळ दिसते, ‘थोडा वेळ लागेल’. बाकीचे वैतागून मशीन बंद करतात. भाऊजी मांडी घालून बसतात.

काही चुकलं, तर पडदा लाल अक्षरांनी भरतो. लोक शेवटची ओळ वाचून हातपाय गाळतात. “शेवटची ओळ नुसती रडते. दुखणं वरच्या ओळींत असतं,” असं भाऊजींचं म्हणणं. ताई संध्याकाळी भांडायला लागली की ते शांतपणे विचारतात, “सकाळी काय झालं होतं?” त्यामुळे भांडण वाढतं, ते सोडा.

माझे बाबा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. झटका आला आणि त्यांची वाचा गेली. डोकं शाबूत होतं, पण सगळ्या अंगात डावा हात तेवढा थोडा हलायचा. आम्ही एका पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहून दिली. बाबा एका अक्षरावर बोट टेकवायचे आणि उरलेलं वाक्य आई म्हणून टाकायची. ही सवय तिला लग्नापासूनची. पूर्वी बाबा तिच्यावर आवाज चढवून आपलं वाक्य पुरं करायचे. आता नुसते डोळे मिटून घ्यायचे. ते बघून माझा जीव तुटायचा.

मग भाऊजींनी एक प्रोग्राम शोधला. पडद्यावर एकेक अक्षर उजळणार, हवं ते आलं की बाबांनी बटण दाबायचं, आणि वाक्य पुरं झाल्यावर मशीन ते मोठ्यानं म्हणणार. पण घरातलं मशीन जुनं होतं, आणि बटणाशी बोलणारा भाग त्याच्यासाठी तयार मिळेना.

“इथंच बनवू,” भाऊजी म्हणाले. त्यांना आनंद झाला होता, हे लपत नव्हतं.

बाबांच्या पलंगावर सरकतं टेबल होतं, त्यावर मशीन ठेवलं. पहिल्या खेपेला ते तापून मधेच बंद पडलं. भाऊजींनी टेबलफॅन आणला, स्टुलावर ठेवला आणि मशीनच्या दिशेनं पूर्ण वेगात सोडला. पडद्यावर ‘थोडा वेळ लागेल’ आलं. भाऊजींनी खुर्चीतच मांडी घातली.

“अरे, अडकलंय ते,” ताई थोड्या वेळानं म्हणाली.

“अडकलेलं नाही. काम चाललंय.”

बाबा एकटक समोर बघत होते. “किती आस लागलीय बघा त्यांना,” आई म्हणाली. बाबांनी पुठ्ठ्यावरच्या ‘प’वर बोट टेकवलं. आईनं पाणी पाजलं. त्यांनी पुन्हा ‘प’ दाखवला. आईनं पुन्हा पाजलं. तिसऱ्यांदा मी हुशारी करून पेपर आणून दिला. बाबांनी डोळे मिटले.

दुपार उतरली तेव्हा ती ओळ एकदाची गेली. भाऊजींनी बटण बाबांच्या बोटाखाली सरकवलं. अक्षरं एकेक करून उजळू लागली. बाबांनी ‘प’ला बटण दाबलं, आणि आई पेला घेऊन उठली.

“आई, थांबा,” भाऊजी म्हणाले. “थोडा वेळ लागेल.”

आई थांबली. बाबांचं बोट हळू चालत होतं, पण चुकत नव्हतं. शेवटी मशीन सपाट बायकी आवाजात बोललं, “पंखा बंद करा. थंडी वाजते.”

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग बाबांच्या अंगावरच्या पातळ चादरीकडे. सगळ्या गोष्टींचं कारण वरपर्यंत जाऊन शोधणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला. त्यांनी पंखा बंद केला. मी रग आणून बाबांना पांघरला.

बाबांचं बोट पुन्हा चालू झालं. आई पेला धरून उभीच होती. तिचे ओठ हलत होते, पण तिनं आवाज काढला नाही. एवढा वेळ ती कधी गप्प राहिल्याचं मला आठवत नाही.

“आणि तू पाणी पाजणं बंद कर,” मशीन म्हणालं.

आईनं पदरानं डोळे पुसले, आणि हातातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.