लोण्याची कॉफी

केजच्या डेअरीवर रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ दिसत. डब्यात लोणी घेऊन झाकण दोनदा दाबून बघत. एकदा मी विचारलं, "बाबा, रोज लोणी कशाला?"

"कॉफीत घालून घोटतो. आजारपणापासून आमच्या मालकिणीला, म्हंजी बायकोला, घास जात न्हाई. कॉफीनं जरा तरतरी येती."

"आणि तुम्ही?"

"मी चहावाला माणूस. पण एकटीला दिली की तिला औषध वाटतं. म्हणून मी बी पितो. लई तेलकट लागती, तिला सांगत न्हाई."

परवा त्यांनी लोणी घेतलं नाही, नुसतं दही घेतलं. मला विचारायचं धाडस होईना. तेच म्हणाले, "आज तिनं भाकर मागितली. मलाच थापायची हाय."

इतक्या लगबगीनं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.