माल परत बोलावणारे म्हात्रे सर

अंबरनाथजवळच्या मोरिवली गावात, घराच्या पडवीत म्हात्रे सरांपुढे मी पहिल्यांदा बसले, तेव्हा माझ्या हातात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला इंग्रजी निबंध होता. बँकेच्या भरतीपरीक्षेत इंग्रजी लेखनाच्या पेपराने मला दोनदा घरी पाठवलं होतं. वयाची अट पाहता तिसरी संधी शेवटचीच. सरांनी कागद वाचला, मग उलटून पाठची बाजूही पाहिली आणि विचारलं, "यात खाडाखोड कुठं हाय?"

एकही नाही, असं मी ऐटीत सांगितलं. "चुका तुला दिसल्याच नाय, का दिसून तशाच ठेवल्या?" दोन चुका मला घरीच दिसल्या होत्या, पण कागद घाण दिसेल म्हणून मी त्या राहू दिल्या होत्या. शाळेत नीटनेटकेपणाची बक्षिसं मिळवल्याचा तो परिणाम. आज सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहायला हरकत नाही, पण त्या दिवशी मला सरांचा चांगलाच राग आला होता.

सर मोरिवलीच्याच शेतकरी घरातले. गावाशेजारच्या कारखान्यात ते तयार मालाचे तपासनीस होते. यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं वाचता वाचता त्यांचं इंग्रजी पक्कं झालं. बोलणं मात्र आजही मोरिवलीचंच आहे, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. दर रविवारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे आम्ही बारा जण त्यांच्या पडवीत जमत असू. कारखान्यात एका मापाने एकच गोष्ट तपासतात, तसंच ते व्याकरणाचं करायला लावत. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं पाहायची, दुसऱ्यात एकवचन-अनेकवचन, तिसऱ्यात काळ. सगळं एकदम पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'अ' आणि 'द' या इंग्रजी उपपदांचा घोळ तर त्यांनी एका वाक्यात मिटवला होता. पाहुणा पहिल्यांदा दारात आला की 'अ', ओळख झाली की 'द'. हा नियम सगळीकडे पुरत नाही, हेही ते लगेच सांगत आणि न पुरणाऱ्या जागा आमच्याकडूनच शोधून घेत.

मोरिवलीला जाणाऱ्या, कारखान्यांमधल्या सुनसान रस्त्याने मला पाठवायला आई तयार नव्हती. सरांना हे कळलं, तेव्हापासून शिकवणी संपली की ते आम्हा मुलींबरोबर शेअर रिक्षापर्यंत चालत येत. रिक्षा भरून निघेपर्यंत तिथेच उभे राहत. त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

परीक्षा रविवारी होती. आदल्या दिवशी दुपारी मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आमच्या शेजारच्या आंटींच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापत बसले होते. मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. दारात सायकल टेकवून सर आत आले, सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

"पोरी, मी तुला चुकीचा शिकवला," सर म्हणाले.

'हा नाही आणि तेही नाहीत' अशा दोन कर्त्यांच्या, 'नायदर-नॉर'च्या इंग्रजी वाक्यात क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. सरांनी आम्हाला पहिल्या कर्त्याप्रमाणे सांगितलं होतं. ती चूक सकाळी त्यांच्या ध्यानात आली, तशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांनी आधी बदलापूर गाठलं, मग अंबरनाथ. बारापैकी मी शेवटची. शिलाई मशीनवरचे सगळे हात थांबले होते. आंटींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "साब, इतनी सी बात के लिए इतनी धूप में आये?"

"माप गलत निकला तो पूरा माल वापस बुलाना पडता है," सर म्हणाले. "माप मेरा था."

माझी वही मागून घेऊन, तो नियम लिहिलेल्या पानावर त्यांनी स्वतः ठळक काट मारली आणि शेजारी बरोबर नियम लिहिला. पाणी पिऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो नियम आलाच नाही. पण शेवटची काही मिनिटं उरली असताना, काळ तपासण्याच्या वाचनात, मला दिसलं की निबंधाचा अख्खा मधला परिच्छेद मी चुकीच्या काळात लिहिला आहे. अक्षर इतकं देखणं आलं होतं की जुन्या सवयीने हात अडला. मग घामेजलेले सर आणि त्यांनी मारलेली ती काट आठवली. मी सहा ठिकाणी खाडाखोड केली. तो कागद दिसायला भयंकर होता, आणि त्यानेच मला नोकरी दिली.

आज बँकेत मी चूक केली की खुर्चीवरून उठते, काउंटरवर जाते आणि ग्राहकाला स्वतः सांगते. माझ्या घरात दोन वेळची चूल त्या पेपरामुळे पेटते, पण ही सवय मला त्याहून मोठी वाटते. सर, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तुमचे गुडघे, डोळे आणि ती सायकल, तिन्ही अशीच खणखणीत राहोत. या लेखात काही चुकीचं आढळलं, तर पत्र पाठवू नका. मी अजून कॅम्प तीनमध्येच राहते. पुढची अनेक वर्षं, माझी चूक दाखवायला तुम्ही स्वतः दारात यावं.